जेझुइनाच्या तोंडातला तीळ

जेझुइना फुर्तादोला सगळी वस्ती 'सिनेटा' म्हणायची. सिनेटा म्हणजे घंटी. साऊं मिगेल या पोर्तुगीज बेटावरच्या लोकांत बापाने ठेवलेल्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. गल्लीतली दर दुसरी बाई मारिया आणि दर दुसरा बाप्या मनुएल, मग हाक मारायची तरी कशी? म्हणून कुणी 'लोणी', कुणी 'अर्धी मिशी', कुणी 'बोकडाचा नातू'. ही नावं थट्टेतून पडतात आणि थट्टेतच चालतात. जेझुइनाचं नाव मात्र थट्टेतून पडलेलं नव्हतं.

ते पडलं बेटावर, ती नवी नवरी असताना. तेव्हाही ती बोलायचीच. कुणाच्या गाईने दूध आटवलं, कुणाचं लग्न कशावरून मोडलं, कुणी मक्याच्या पिठात काय मिसळलं, हे तिला विहिरीवर पोचण्याआधी ठाऊक असायचं आणि ती परतेपर्यंत गावाला. तोंडात तीळ भिजत नाही असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांत तिचा नंबर बराच वर लागला असता. पण बडबडीत विष नव्हतं. ती बोलायची कारण गप्प बसलं की तिला घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं.

इदालिना तिची लहानपणापासूनची मैत्रीण. इदालिनाचं एका खलाशावर मन बसलं होतं आणि बापाला तो नको होता. दोघांनी संत्र्यांच्या गलबतातून पळून जायचं ठरवलं. इदालिनाने आपलं गाठोडं जेझुइनाच्या पलंगाखाली आणून ठेवलं आणि म्हणाली, "एवढी एकच गोष्ट पोटात ठेव गं." जेझुइनाने ठेवली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आणि ठरलेल्या पहाटे धक्क्यावर इदालिनाचा बाप आपल्या भावांना घेऊन उभा. खलाशाला मारून पळवून लावलं, इदालिनाला महिन्याच्या आत एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलं. कुणी फोडलं हे विचारायची गावाला गरजच पडली नाही. विहिरीवर कुणीतरी म्हणालं, "घंटी वाजली वाटतं," सगळ्या बायका हसल्या आणि नाव चिकटलं. जेझुइनाने देव्हाऱ्यातल्या मातेवर हात ठेवून शपथ घेतली. लोक म्हणाले, शपथ घेतानाही किती बोलते बघा. इदालिनाने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पुढे दुष्काळाने आणि कर्जाने गावच्या गाव अमेरिकेला आलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका गिरणगावात, सूतगिरणीच्या मागच्या तीन गल्ल्यांत तसंच्या तसं वसलं. जेझुइना आली, तिचा मितभाषी नवरा एव्हारिस्तो आला, आणि त्याची आई उंबेलिना आली. इदालिनाही आली, आपल्या खोकणाऱ्या नवऱ्याला घेऊन. समुद्र ओलांडला, पण अबोला बोटीतून खाली पडला नाही. कापडखात्यात दोघींचे साचे, म्हणजे माग, एकाच रांगेत होते. साच्यांच्या खडखडाटात तसंही कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं, तेवढंच बरं.

त्या गावात मोठं चर्च आयरिश लोकांचं. वरच्या मजल्यावर आयरिश लोकांची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, व्हायची आणि बेटकरांना तळघर दिलेलं, कोळशाच्या ढिगाशेजारी. देवाच्या घरातही आपण भाडेकरूच, असं एव्हारिस्तो एकदाच म्हणाला. तो बोलला म्हणजे गोष्ट गंभीर होती. मग वस्तीने स्वतःचं चर्च बांधायला घेतलं. भोंगा झाल्यावर बाप्ये पाया खणायचे, बाया ओच्यात दगड भरून टेकडी चढायच्या, आणि उंबेलिना खाली उभी राहून कोणाच्या सुनेने लहान दगड उचलला ते ओरडून सांगायची. सात वर्षं लागली. पण उभं राहिलं! उजेडाच्या मातेचं चर्च, पांढरं, काळ्या दगडाच्या कडा, थेट बेटावरच्यासारखं. फक्त मनोरा रिकामा राहिला, कारण घंटेला काही उरलंच नाही.

"घंटा हवी कशाला?" किराणा दुकानदार लिबोरिओ म्हणाला. "सिनेटाला वर चढवा. पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जाईल."

चर्च झालं, पण बिशपांकडे त्यांच्या भाषेचा पाद्री नव्हता. त्यांनी पाठवला फादर हॅनिगन. लाल तोंडाचा, भल्या मनाचा आयरिश माणूस, त्याला पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. मिस्सेची अडचण नव्हती. ती लॅटिनमध्ये, म्हणजे सगळ्यांनाच सारखी कळायची नाही. अडचण आली ती कबुलीची. वर्षातून एकदा तरी पाद्र्याच्या कानात पापं सांगून मोकळं व्हायचं असतं, आणि म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. बाप्यांना यायचं ते गिरणीतलं, त्यात अर्ध्या शिव्या. पोरांना छान यायचं, पण आजीची पापं नातवाच्या कानावर कोण घालणार? दोन म्हातारे कबुलीशिवाय गेले तेव्हा वस्तीचा जीव उडाला. चर्च बांधलं कशासाठी मग?

फादर हॅनिगनने जुनी पुस्तकं चाळून सांगितलं की ज्याची मर्जी असेल त्याला दुभाष्यामार्फत कबुली देता येते, फक्त पाद्र्यावर गुप्ततेचं जे बंधन तेच दुभाष्यावर. आणि गावात धड इंग्रजी येणारं मोठं माणूस एकच होतं. अमेरिकेत आल्याआल्या जेझुइनाने एका आयरिश विधवेच्या खाणावळीत भांडी घासली होती. तिचं इंग्रजी फादरच्या इंग्रजीसारखंच होतं, त्याच्या गावचंच.

सभामंडपात बैठक भरली आणि एकच गदारोळ झाला.

"आमची पापं सिनेटाच्या तोंडात?" लिबोरिओ उभा राहून ओरडला. "त्यापेक्षा छापून गिरणीच्या फाटकावर चिकटवा ना! बायकांची पायपीट वाचेल."

"माझी सून चर्चमध्ये जाऊन बसली तर गावचा बाजार कुठे भरायचा?" उंबेलिनाने पाठीमागून विचारलं. ती म्हातारी ठेंगणी, काळ्या शालीत गुंडाळलेली, आणि तिचा टोमणा कधी वाया जात नसे.

हसण्याचा लोट आला. फादर हॅनिगन जेझुइनाकडे वाकला. "काय म्हणतायत सगळे?"

जेझुइनाचे कान लाल झाले होते. "म्हणतायत, फादर, की विचार करून सांगतो."

बैठकीनंतर फादरने तिला बाजूला घेऊन बसवलं. म्हणाला, "जेझुइना, कबुलीच्या कपाटातलं बाहेर एक अक्षर गेलं तर तुझ्या आत्म्याचं मी काही करू शकणार नाही. आणि बोलताना 'ती म्हणते', 'तो म्हणतो' असं नाही. 'मी' म्हणायचं. माणूस जसं म्हणेल तसं. त्या वेळी तू तिथे नसतेसच."

"मी नसते?" जेझुइना म्हणाली. "हे जरा माझ्या सासूला सांगा फादर, दोन घास जास्त जेवेल."

पण घरी जाताना ती हसत नव्हती. तिला कळून चुकलं होतं की तिला पुन्हा एकदा एक गाठोडं सांभाळायला मिळतंय. या वेळी जर ते सुटलं तर ती खरीच सिनेटा ठरणार होती, आणि म्हातारी माणसं पापं छातीवर घेऊन मातीत जाणार होती. तिला ते मुळीच होऊ द्यायचं नव्हतं.

तिने स्वतःची एक रीत पाडली. बेटावरून आणलेला आईचा काळा टोपडीवाला झगा अंगावर घ्यायचा, टोपडी नाकापर्यंत ओढायची आणि कबुलीच्या लाकडी कपाटाशेजारी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. कोण आलं ते बघायचं नाही. अर्थात आवाज ओळखू यायचेच, त्याला इलाज नव्हता. पहिले काही शनिवार कुणीच आलं नाही. ती भिंतीशी एकटी बसून राहायची, गप्प. तिच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ कोणता असं विचारलं असतं तर तिने हेच शनिवार सांगितले असते.

मग एका शनिवारी तीन म्हाताऱ्या आल्या. आणि नेमकी तेव्हाच चर्च झाडणारी आयरिश बाई खांबामागे झाडू मारत होती. त्यांतली एक कुजबुजत होती ते तिला ऐकू गेलं नाही, ऐकू गेला तो जेझुइनाचा खणखणीत आवाज, त्या झाडणारीच्या स्वतःच्या भाषेत, इंग्रजीत: "मी लिबोरिओच्या खुराड्यातून दोन कोंबड्या चोरल्या."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की सिनेटाने लिबोरिओच्या कोंबड्या चोरल्या.

रविवारी मिस्सेनंतर लिबोरिओ तिच्या दारात उभा, मागे अर्धी वस्ती. जेझुइना चुलीवरून तशीच आली, हातात पळी. "चोरटे!" लिबोरिओ कडाडला. "माझ्या अंडी देणाऱ्या कोंबड्या! स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस!"

जेझुइनाने तोंड उघडलं. सगळी गल्ली सरसावून ऐकू लागली, कारण जेझुइनाने तोंड उघडलं की पैसे न देता तमाशा असायचा. 'अहो, ती मी नव्हते' एवढं म्हटलं की संपत होतं. पण मग कोण होती? शनिवारी तीनच जणी आल्या होत्या, आणि त्या तिघीही गर्दीत उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता. दुपारच्या जेवणाआधी चोर सापडला असता. जेझुइनाने तोंड मिटलं.

"बोल की गं!" एव्हारिस्तोसुद्धा म्हणाला.

जेझुइना म्हणाली, "सेन्योर लिबोरिओ, सूप घेणार का थोडं?"

"माझ्याच कोंबडीचं?"

गल्ली फुटून हसली. जेझुइना आत गेली आणि दार लावून घेतलं. एकटी उंबेलिना हसली नाही. ती चुलीपाशी बसून सुनेकडे बघत राहिली. सूपमध्ये कोबी आणि बटाटे होते, आणि कोंबड्या गेल्या त्या दिवशी सून भोंग्यापासून भोंग्यापर्यंत साच्यावर होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ही बया अळीमिळी गुपचिळी करून कुणाचं तरी पाप स्वतःच्या अंगावर घेतेय, हे म्हातारीला त्या क्षणी कळलं. आणि ते कळल्यावर तिला अन्न गेलं नाही.

महिनाभर पोरं जेझुइनाला बघून कोंबडीसारखी ओरडत होती. गिरणीत कुणीतरी तिच्या साच्याला पिसं खोचून ठेवली. ती पिसं काढायची आणि काम सुरू करायची. मग ईस्टर झाल्यावर एका सकाळी लिबोरिओच्या दुकानाच्या कडीला दोन कोंबड्या बांधलेल्या निघाल्या, सोबत एक गोड पाव. जेझुइना तेव्हा गिरणीत होती, शंभर जणांच्या डोळ्यांसमोर. लिबोरिओ तोंडाचा फाटका होता पण डोक्याने मंद नव्हता. त्याने बराच वेळ कोंबड्यांकडे बघितलं. रविवारी चर्चच्या मधल्या वाटेवर तो जेझुइनासमोर थांबला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. 

पुढच्या शनिवारी कबुलीची रांग दाराबाहेर रस्त्यावर आली होती, आणि रांगेत पहिला लिबोरिओ. त्याच्या दुकानातल्या तराजूबद्दल वस्तीला जे संशय होते ते मात्र तसेच राहिले, कारण त्यांची उत्तरं जिला कळली असतील ती काही बोलली नाही.

एका थंडीत उंबेलिना आजारी पडली. छाती भरली, डॉक्टर मान हलवून गेला. दुपारी तिने सुनेला जवळ बोलावलं.

"पाद्री पाहिजे मला."

"बोलावते, आई."

"इंग्रजी येणारी दुसरी कुणी नाही का?"

"नाही."

"म्हणजे मरतानाही तुझं तोंड बघायचं."

"बघू नका. मी भिंतीकडे तोंड करते."

म्हातारी खोकली आणि म्हणाली, "घाल तो झगा."

त्या खोलीत काय झालं ते इथे सांगता येणार नाही. आत तिघंच होती आणि त्यांतल्या दोघांना बोलायची बंदी होती. बाहेर जिन्यावर बसलेल्या एव्हारिस्तोला एवढंच कळलं की आईचा आवाज खूप वेळ चालू होता, मग थांबला, आणि मग कुणीच काही बोललं नाही. फादरचा आवाज दोनदा आला, "जेझुइना? जेझुइना?" आणि त्यानंतर तिचा, इतका बारीक की बायकोचाच आहे हे त्याला ओळखता आलं नाही. दार उघडलं तेव्हा टोपडीखाली तिचा चेहरा भिजलेला होता. फादरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो टोपी घालायची विसरून बर्फातून निघून गेला. जेझुइना स्वयंपाकघरात गेली आणि तिने पाव मळायला घेतला. गोळा इतका आपटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मग तिने सूप गरम केलं, वाटी घेतली आणि सासूला चमच्याने भरवायला बसली.

आणि उंबेलिना मेली नाही!

याच्याइतकं मोठं संकट तिच्यावर आयुष्यात आलं नव्हतं. सगळं सांगून मोकळी झाली ती जायच्या तयारीने, आणि आता जिच्या तोंडून सांगितलं तिच्याच हातचं खात दिवस काढायचे होते. म्हातारी उठून बसली, चुलीपाशी आली, आणि घाव कधी पडतो त्याची वाट बघू लागली. तिला वाट बघणं जमेना, म्हणून ती स्वतःच भांडण काढायची.

"मासा खारट केलास."

"पाण्यात घालून ठेवा म्हटलं होतं तुम्हाला."

"हो, माझंच चुकलं! सगळं माझंच चुकतं! म्हण ना मग, आणखी काय काय चुकलं माझं ते!"

"मासा खारट झाला एवढंच चुकलंय, आई."

दोघी भांडायच्या, अगदी पूर्वीसारख्या, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा. जेझुइना बाकी काही गप्प बसणारी नव्हती. सासूचं घोरणं, सासूची तपकीर, सासूचं लाडकं मांजर, सगळ्याचा उद्धार व्हायचा. पण भांडण कितीही पेटलं तरी ती एका जागेपर्यंत यायची आणि तिथून मागे फिरायची. ती जागा कोणती ते फक्त उंबेलिनाला कळायचं.

आणि रविवारी चर्चच्या दारात, पवित्र पाण्याच्या भांड्याशी, इदालिना समोर यायची. आता ती विधवा होती, केस पांढरे. जेझुइनाचे ओठ हलायचे. मग ती बोटं पाण्यात बुडवायची, कपाळाला लावायची आणि पुढे जायची.

इदालिनाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिन्ही गल्ल्यांना आमंत्रण होतं. फक्त एका दाराला नव्हतं. लग्नाच्या दिवशी खालून व्हायोलाच्या तारा वाजत होत्या, आणि जेझुइना खिडकी लावून घेऊन बटाटे सोलत बसली होती. सालं फार जाड निघत होती.

उंबेलिना काठी टेकत आली. "जा," ती म्हणाली. "सांग तिला."

"काय सांगू?"

"काय ते तुला ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही, आई." जेझुइनाने मान वर केली नाही. "मी तिथे नव्हते."

म्हातारी बसली आणि शालीत तोंड खुपसून रडली. स्वतः उठून खाली जायची तिची छाती झाली नाही. सत्तर वर्षं टोमणे मारून जिने सगळ्यांना धाकात ठेवलं, तिला आता त्याच सगळ्यांची भीती वाटत होती. जेझुइनाने बटाटे धुतले आणि तिच्यापुढे तपकिरीची डबी सरकवली.

अशी वर्षांवर वर्षं गेली. फादर हॅनिगन म्हातारा होऊन परत बोलावला गेला, आणि बिशपांकडून निरोप आला की अखेर तुमच्या भाषेचा पाद्री येतोय, थेट लिस्बनहून! वस्तीने रस्त्यावर कागदी फुलं बांधली. जेझुइनाने झगा धुऊन पेटीत ठेवला. तिचं काम संपलं होतं, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पाद्रे लिओनेल तरुण होता, गोरटेला, हात बायकांसारखे. लिबोरिओने पुढे होऊन भाषण केलं. बेटावरची बोली ती, ओठांचा चंबू करून, शब्द अर्धे गिळून बोललेली. पाद्रे लिओनेल हसतमुखाने ऐकत राहिला आणि शेवटी शेजाऱ्याला म्हणाला, "फार छान. हे गृहस्थ फ्रेंच आहेत का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकेकाने बोलून बघितलं. पाद्र्याचा चेहरा जास्त जास्त घाबरा होत गेला. एवढी वाट बघून आपल्या भाषेचा पाद्री आला, आणि त्याला आपली भाषा कळेना! खाणावळीत जेझुइनाने लिस्बनच्या खलाशांनाही वाढलेलं होतं, त्यांची बोली तिला येत होती. लिबोरिओ तिच्याकडे वळला. "सिनेटा," तो हात जोडून म्हणाला, "काढ बाई तो झगा पेटीतून."

शनिवारी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली, पोर्तुगीजचं पोर्तुगीज करायला.

त्याच उन्हाळ्यात घंटा आली. गिरणीतल्या बायांनी आठवड्यामागून आठवडे पाव विकून ती केली होती. घंटेला नाव द्यायचं असतं, तिला धर्माची आई लागते, आणि ती आई पहिला दोर ओढते. घंटा फुलांनी मढवून वेदीपुढे टांगली होती. बाहेर पवित्र आत्म्याच्या सणाची मोठमोठी भांडी चुलीवर, गोमांसाचं सूप रटरटत होतं, त्यात पुदिना आणि पाव. लिबोरिओची बायको नवी टोपी घालून पहिल्या बाकावर बसली होती, कारण धर्माची आई तीच होणार असं सगळे धरून चालले होते.

"धर्माची आई कोण?" पाद्रे लिओनेलने विचारलं.

लिबोरिओची बायको उठायच्या आत मागून काठीचा आवाज आला. उंबेलिना उठली होती. ती मधल्या वाटेने चालत पुढे आली आणि घंटेपाशी उभी राहून तिने तोंड गर्दीकडे केलं.

"ऐका," ती म्हणाली. "मी एकदाच सांगणार आहे, आणि मला बसायला सांगू नका, मी बसले तर पुन्हा उठायची नाही. इदालिना, तुझ्या बापाला गलबताचं मी सांगितलं. गाठोडं माझ्याच घरात, पलंगाखाली होतं. मी झाडताना बघितलं, खलाशाचं गलबत कधी सुटतंय ते ठाऊक होतंच, आणि धावत तुझ्या बापाकडे गेले, का तर मला मोठेपणा हवा होता. आणि विहिरीवर 'घंटी वाजली' म्हणणारीही मीच. नवी सून होती, फार बोलायची, तिच्यावर ढकललं. सगळ्यांनी मानलं."

इदालिना बाकाची कड धरून उभी राहिली होती.

"मी मरायला टेकले तेव्हा हे पाद्र्याला सांगितलं. कोणाच्या तोंडून? हिच्या! माझं पाप हिला 'मी' म्हणून बोलायला लागलं. आणि मग मी मेले नाही. इतकी वर्षं हिच्याशी रोज भांडले. एक वाक्य बोलली असती तर हिचं नाव धुतलं गेलं असतं, मैत्रीण परत मिळाली असती. मी स्वतः म्हटलं, जा सांग. नाही सांगितलं. आणि तुम्ही हिला घंटी म्हणता? लाज नाही वाटत? मला तर वाटते!"

पाद्रे लिओनेलला यातलं अक्षर कळलं नव्हतं. म्हातारी रडतेय, अर्धं चर्च रडतंय, एवढंच त्याला दिसत होतं. तो घाबरून सवयीने जेझुइनाकडे वळला. "काय झालं? काय म्हणाली ती?"

सगळं चर्च जेझुइनाकडे बघू लागलं. तिचा चेहरा रडून सुजला होता. तिने तोंड उघडलं. बाकांवरची माणसं पुढे झुकली.

"काही नाही, सेन्योर पाद्रे," जेझुइना म्हणाली. "म्हातारी म्हणते, सूप गार होतंय."

आणि मग जे हसू फुटलं ते छताला लागलं. रडता रडता लोक हसत होते, लिबोरिओ बाकावर हात आपटत होता, त्याच्या बायकोची नवी टोपी खाली पडली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. त्या गोंधळातून इदालिना वाट काढत आली. जेझुइनासमोर उभी राहिली आणि तिने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"एवढी एकच गोष्ट पोटात ठेव म्हटलं होतं गं मी," इदालिना म्हणाली. "तू किती ठेवल्यास!"

जेझुइनाने तिचे हात सोडले नाहीत.

घंटेचं नाव काय ठेवायचं हे पाद्र्याला विचारावंच लागलं नाही, कारण तीनशे माणसं एकाच वेळी ओरडत होती आणि तेवढा एक शब्द त्याला स्पष्ट कळला. जेझुइना! घंटा वर चढवली गेली, दोर खाली आला, आणि धर्माच्या आईने, म्हणजे आता जेझुइनानेच, तो एकटीने ओढायला नकार दिला. तिने इदालिनाचा हात ओढून दोरावर ठेवला. दोघींनी मिळून लोंबकळून ओढला. ठण् झालं, पुन्हा ठण्, आणि गिरणीच्या भोंग्याच्याही पलीकडे, आयरिश चर्चच्या पलीकडे, थेट बंदरापर्यंत आवाज गेला. बोटींवरचे लोक माना वळवून टेकडीकडे बघू लागले.

उंबेलिनाने कानांवर हात ठेवले नाहीत. ती काठीवर रेलून मनोऱ्याकडे बघत होती, नाक पुसत होती.

"वाजू दे," ती शेजारणीला म्हणाली. "माझी सून आहे ती. पुष्कळ गप्प बसली."